परत येण्याचा प्रसंग

"मेलेली मान्सं परत येतात की, मॅडम. मालिकेत येतात," दिपा म्हणाली.

वर्ग हसला. विजयाबाईही हसल्या. नववीला संवादलेखन शिकवायचं होतं आणि पुस्तकातल्या ग्राहक-दुकानदाराच्या संवादाला मुलं जांभया देत होती. म्हणून त्यांनी सांगितलं होतं, टीव्हीवरच्या मालिकेसारखा एक प्रसंग तुम्हीच रचा, तुम्हीच लिहा आणि शनिवारी वर्गात करून दाखवा. एरवी तोंड न उघडणारी पोरंसुद्धा त्या दिवशी एकमेकांवर ओरडायला लागली. एका गटाच्या दुधात विष होतं. दुसऱ्या गटाची नणंद पडद्याआड उभी राहून सगळं ऐकत होती. दिपाच्या गटाच्या घरात मात्र आईचं वर्षश्राद्ध होतं. खुर्चीवर हार घातलेला फोटो, पुढे समई, मुलगी रडते आहे, आणि तेवढ्यात दारात आई येऊन उभी राहते.

"येऊ दे, पण येते कशी? काहीतरी कारण लागेल ना," विजयाबाईंनी विचारलं.

"तिचं प्रेत कुनी पाह्यलेलंच नसतं," दिपा म्हणाली. "ज्याचं प्रेत दाखवत न्हाईत, ते मानूस परत येतंच. मी आन् दादी रोज पाहातो. बराबर येतं."

ती हे इतक्या खात्रीनं म्हणाली की विजयाबाईंचं हसू तिथंच थांबलं.

दिपा डोंगरकड्याच्या अलीकडच्या बंजारा तांड्यावरून चालत शाळेत यायची. सातवीत असताना तिची आई, संगिता, नवऱ्याबरोबर ऊसतोडीला खाली साखर कारखान्यांच्या मुलखात गेली होती. उन्हाळ्यात बाप, अमरसिंग, गाडीतून एकटाच उतरला. शाळेत एवढंच कळलं की दिपाची आई तिकडे वारली. तेव्हा हेडमास्तरांनी दोन मिनिटं सगळ्यांना उभं केलं होतं. दिपाही उभी राहिली होती, इतरांसारखीच, मान खाली घालून.

तास संपल्यावर विजयाबाईंनी तिला थांबवून घेतलं.

"दिपा, दुसरा एखादा प्रसंग घेऊ या का? लग्नाचा वगैरे?"

"काहून मॅडम? चांगला न्हाई का हा?"

"चांगला आहे. पण तुला त्रास होईल."

"मला कायची तकलीफ? मालिकाच हाय ना," दिपा म्हणाली आणि दप्तर उचलून पळाली.

कळमनुरीला घरी परत जाताना बसमध्ये विजयाबाईंनी स्वतःची समजूत घातली. पोरगी बोलत नाही ते निदान नाटकात तरी बोलेल. त्यांचा नवरा, सूर्यकांत, अटॅक येऊन गेला तेव्हा त्यांनाही वर्षभर कुणाशी बोलता आलं नव्हतं. पण त्याला त्यांनी शेवटी आंघोळ घातलेली पाहिली होती. तेवढा फरक होता, आणि तो त्यांच्या तेव्हा लक्षात आला नाही.

आठवडाभर मधल्या सुटीत तालीम चालली. परत येणारी आई म्हणून दिपानं जाईला निवडलं. जाई देवळाच्या गुरवाची मुलगी, उंच, सावळी. संवाद पाठ करण्यात ती पटाईत होती, पण दिपाचं समाधान होईना.

"पदर असा न्हाई. डोक्यावरून घे आन् कमरंला खोच. हां. आता डावा पाय जरा वढत ये."

"लंगडत? मालिकेतल्या बाया लंगडतात होय?" जाईनं विचारलं.

"ही जरा लंगडती," दिपा म्हणाली.

मिनाकडे पार्श्वसंगीत होतं. मालिकेत कुणी दारात आलं की सगळ्यांचे चेहरे तीन-तीनदा दाखवतात आणि मागून ढँण असा आवाज येतो. मिना खिचडीचं ताट पळीनं वाजवायची आणि दर वेळी वर्ग खो-खो हसायचा.

शनिवारी पालकसभा होती. चार-पाच आया आल्या होत्या, काही बाप खिडकीबाहेर उभे होते. भिकाबाई, दिपाची दादी, लेकाला घेऊन आली. गुडघे धरून ती मागच्या बाकावर बसली. अमरसिंग भिंतीला टेकून उभा राहिला. उंचापुरा माणूस, पण असा उभा होता की जणू त्यानं कुणाची तरी जागा अडवली आहे.

विषाचं दूध झालं, पडद्यामागची नणंद झाली. मग दिपाचा गट उठला. खुर्चीवर रिकामी चौकट, तिला झेंडूचा हार. दिपा खाली बसली. ठरलेले संवाद तिनं स्वच्छ मराठीत म्हटले, "आई, आज तुला जाऊन एक वर्ष झालं. घरात सगळे आहेत, पण तू नाहीस." भिकाबाईनं पदर डोळ्यांना लावला. टीव्हीसमोरही ती असंच करायची.

दार ढकललं गेलं. जाई आत आली. डोक्यावर पदर, डावा पाय ओढत. मिनानं ताट वाजवलं, मुलं हसली. अमरसिंग भिंतीपासून सरळ झाला.

"मी मेले नव्हते, बाळ," जाई म्हणाली. "मी आले आहे."

यावर दिपानं धावत जाऊन तिला मिठी मारायची आणि प्रसंग संपायचा, असं ठरलं होतं. दिपा उठली, पण जागची हलली नाही.

"याडी," ती म्हणाली. तांड्यावर आईला याडी म्हणतात. तालमीत हा शब्द नव्हता. "याडी, कुठं गेलती तू?"

जाई गोंधळली. तिनं विजयाबाईंकडे पाहिलं, मग आठवून म्हणाली, "माझी... माझी स्मृती गेली होती."

"मंग आता आठवलं ना? मला काहून न्यायला आली न्हाई? मी दर गाडीला रस्त्यावर येऊन पाहात व्हते."

मिनानं पळी खाली ठेवली. कुणी हसलं नाही.

"मॅडम, बंद करा हे," मागून अमरसिंग म्हणाला.

विजयाबाई पुढे झाल्या. "दिपा, बस झालं, बाळा. छान केलंस."

"काहून बंद करायचं?" दिपा बापाकडे वळली. घरची बोली सोडून ती मराठीतच बोलली, जणू प्रसंग अजून चालूच होता. "तू सांग मंग. कुठं गेली ती?"

"सांगितलंय तुला. गेली म्हनून."

"कुठं?"

अमरसिंगनं आईकडे पाहिलं. भिकाबाई खाली मान घालून बसली होती.

"म्या जाळलं तिला," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्या वर्गात ऐकू गेला. "टरक भरून राहिलो व्हतो. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं चढताना पाय घसरला तिचा. पाठीवर पडली. दवाखान्यात नेस्तोवर संपली. तिथंच वढ्याच्या काठाला जाळलं. ह्या हातानं."

"मला काहून बलावलं न्हाई?"

"लई दूर हाय ते, लेकरा. मुकादम म्हनला, काम थांबवता येत न्हाई."

"आन् मंग?"

"मंग काय. दुसऱ्या दिशी फडात गेलो."

"दुसऱ्याच दिशी?"

"व्हय."

दिपा त्याच्याकडे पाहत राहिली. दारात जाई रडत होती. दिपा तिच्याजवळ गेली, तिच्या डोक्यावरचा पदर हळूच खाली घेतला.

"जा तू, जाई. साडी बदल जा."

जाई गेली. दिपानं दार लावून घेतलं आणि आपल्या बाकावर जाऊन बसली. राहिलेल्या गटांचे प्रसंग त्या दिवशी झाले नाहीत.

नंतर व्हरांड्यात अमरसिंग उकिडवा बसला होता. विजयाबाईंनी त्याला पाणी दिलं. त्यानं तांब्या हातात धरला, प्यायला नाही.

"रोज इचारायची, मॅडम. पयल्या वर्सी रोज. मी म्हनायचो, गेली. मला वाटलं, समजून राहिली आसंल. फळीवरनं पडली ते कसं सांगावं? फळी म्याच लावली व्हती."

विजयाबाई त्याच्याजवळ पायरीवर बसून राहिल्या.

दसऱ्यानंतर तांड्यावर ऊसतोडीला नेणारे ट्रक लागले. दिवाळीची सुटी संपली तरी दिपा शाळेत आली नाही. चार दिवस वाट पाहून विजयाबाई तांड्यावर गेल्या. बऱ्याच घरांना कुलपं होती. भिकाबाई ओट्यावर एकटी बसली होती.

"बापासंगं गेली," ती म्हणाली.

"अहो, तुम्ही जाऊ कसं दिलंत? पुढच्या वर्षी दहावी आहे तिची."

"म्या लई न्हाई म्हनलं. अमरसिंग बी न्हाई म्हनला. पर ती आयकती का? याडीला जाळलं ती जागा पाहून येते म्हनली." भिकाबाईनं गुडघे चोळले. "आन् त्यालाबी जोडीदार नव्हता, मॅडम. गेल्या साली एकट्याला कुनी घेतलं न्हाई. कोयता दोघाचा लागतो, एक तोडाया, एक मोळ्या बांधाया."

"जागा पाहून परत येईल ना मग?"

भिकाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. "चहा ठिवते," म्हणाली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.

विजयाबाईंनी हेडमास्तरांना सांगितलं, ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहाची चौकशी केली, अमरसिंगच्या फोनवर पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. तो कायम बंद असायचा. जानेवारीत एका दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला.

"मॅडम, मी दिपा."

"अगं कुठे आहेस? कशी आहेस?"

"बरी हाय. मोळ्या बांधून राहिले. बा तोडतो." मागे ट्रक सुरू असल्याचा आवाज येत होता. "मॅडम, जागा पाह्यली. काल नेलं बानं."

विजयाबाई खुर्चीवर बसल्या. "काय आहे तिथे?"

"काहीच न्हाई. खडक हाये. बाया धुनं धुतात तिथं. मी बाला इचारलं, हीच का? तर म्हनला, हीच."

"मग तू काय केलंस?"

"बाचे कपडे व्हते संगं," दिपा म्हणाली. "मी बी त्या बायांच्या बाजूला बसले. धुतले."