फाटकाशी आलेली हाक

दारी ‘मान’ म्हणे, त्याला ‘आदर’ म्हणावा,
उंबऱ्याच्या आत मग पाहुणा आणावा.

आजीचं हे गाणं मिर्तेलच्या कानात अजून घोळायचं. हैतीत पाहुणा फाटकाशी ‘मान’ अशी हाक देतो, घरचे ‘आदर’ म्हणतात, मगच त्याचं पाऊल आत पडतं. एका संध्याकाळी बंदूकवाल्यांनीही तशीच हाक दिली, अगदी गोड. आजीनं सवयीनं उत्तर दिलं. ते मिर्तेलच्या भावाला घेऊन गेले. तो परत आलाच नाही. तेव्हापासून ‘आदर’ हा शब्द मिर्तेलच्या तोंडून निघाला नव्हता.

आता ती समुद्रापल्याड, बेनिनमधल्या कोतोनूत, हैतीच्या राजदूतांच्या घरी स्वयंपाक करायची. देरावीनसाहेबांची मुदत संपली होती. उद्या सगळ्यांनीच मायदेशी परतायचं.

“काय गं, सूपमध्ये भोपळा आहे, मीठ कुठं गेलं?” साहेब हसले. “घरी जायचं म्हणून हुरळलीस वाटतं.”

तिनं मिठाचा डबा पुढं ओढला. ज्यांनी इथवर आणलं, त्यांना नाही कसं म्हणायचं?

तोच फाटकाशी हाक आली, “मान.”

तिच्या हातून पळी सुटली.

“दोसावीबाई आल्या, इथल्या परराष्ट्र खात्यातून, निरोप द्यायला,” साहेब म्हणाले. “आपली हाक मीच शिकवलीय त्यांना. अगं, उत्तर दे. दोन देशांची मैत्री उन्हात तिष्ठतेय.”

तिनं जाऊन फाटक उघडलं. ओठ मात्र उघडले नाहीत. बाई बाहेरच थांबल्या.

“शब्दाशिवाय कशी येऊ, पोरी? तुझे साहेब म्हणतील, बेनिनच्या लोकांना रीत नाही.” मग तिचा भेदरलेला चेहरा पाहून त्यांचं हसू मावळलं. “कुणाला भ्यालीस एवढी?”

बाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, आधी स्वतः घोट घेतला, मग तिच्यापुढे धरली. “आमच्यात देणारा आधी पितो. घेणाऱ्याच्या मनात भीती नको.”

मिर्तेल प्यायली.

“साहेब,” मागोमाग फाटकाशी आलेल्या देरावीनसाहेबांना बाई म्हणाल्या, पण नजर मिर्तेलवरच होती, “तुमच्यापैकी कुणाला इथं राहायचं असेल तर आजच सांगा, परवानगी मी मिळवून देईन. उद्या माझ्या हातात काही नाही.”

“छे हो, कोण राहतंय? सगळ्यांनाच घराची ओढ.”

मिर्तेलनं फाटकाची कडी घट्ट धरली.

“आदर,” ती पुटपुटली. “आत या, बाई.” आणि साहेबांकडे न बघता म्हणाली, “मला तिकडं भीती वाटते, साहेब. मी येत नाही.”