जा की राहा

चष्मेवाल्यांना घरात फारसं कोणी विचारत नसे, पण 'कट्ट्या'वर त्यांच्या शब्दाला केवढं वजन! कट्टा म्हणजे फोनवरचा गप्पांचा अड्डा. तिथं लोकांनी नाव न सांगता आपापली रडगाणी मांडायची, बाकीच्यांनी सल्ले द्यायचे. सल्ला पटला की वरचा बाण दाबायचा, नाही पटला की खालचा. बाणांचे गुण होतात आणि गुण साठले की मान वाढतो. सासवा-सुनांची भांडणं मिटवता मिटवता चष्मेवाले 'ज्येष्ठ' झाले होते, आणि ज्येष्ठाचं एक मत पाच मतांइतकं धरलं जाई. आता बोला! हे गुण शहाणपणाचे की नुसत्या पुढेपुढे करण्याचे, ते कोण तपासतंय?

"अहो ज्येष्ठ, पानं वाढलीत, या," असं बायको म्हणायची. ती दाताच्या डॉक्टरांकडे पेशंटना वेळा द्यायचं काम करायची. दिवसभर सुजलेले गाल बघूनही तिची थट्टेची सवय काही गेली नव्हती.

त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. फ्रेमा पुसता पुसता चष्मेवाल्यांनी कट्टा उघडला आणि हातातलं फडकं हातातच राहिलं.

'माझा नवरा चांगला आहे असं सगळे म्हणतात,' कुणा बाईनं लिहिलं होतं. 'मी भाजी ढवळत असले की माझ्या हातातून चमचा काढून घेतो आणि स्वतः ढवळतो. चारचौघांत मी काही सांगायला लागले की मधेच दुरुस्त करतो. माझी आई गेली, तेव्हा भेटायला आलेल्यांना सांगत होता, औषधं वेळेवर दिली असती तर निभावलं असतं. औषधं मी देत होते. बहीण म्हणते, माझ्याकडे ये, कायमची. जाऊ की राहू?'

खाली दोन बटणं होती, आणि 'जा'वर धडाधड मतं पडत होती.

चष्मेवाल्यांची नजर एकाच शब्दावर अडकली. बहीण! हल्ली बायको बहिणीशी फोनवर दबक्या आवाजात बोलायची आणि हे खोलीत शिरले की "बरं, ठेवते" म्हणून मोकळी व्हायची. परवा तर तिनं माळ्यावरची बॅग खाली काढली होती. विचारलं तर म्हणाली, धूळ झटकतेय. कसली धूळ! बाई संसारच झटकून निघाली होती. घरात तोंडातून ब्र काढायचा नाही आणि जगाला विचारत बसायचं, जाऊ की राहू!

तिलाच सरळ विचारावं? छे. विचारलं आणि ती "हो" म्हणाली तर? त्यापेक्षा मतं फिरवलेली बरी. सगळे 'राहा' म्हणाले तर राहील बिचारी.

त्यांनी आपलं पाच मतांचं वजन 'राहा'वर टाकलं. वर लांबलचक सल्लाही लिहिला. 'ताई, चमचा घेतो म्हणजे हातभारच लावतो ना?' त्यावर खालच्या बाणांचा असा मारा झाला की विचारू नका. मग मात्र चष्मेवाले इरेला पेटले. दुकानाच्या कॉम्प्युटरवरून 'समंजस सून' झाले, जुन्या फोनवरून 'दोन लेकरांची आई' झाले आणि दुसऱ्या सिमकार्डवर चक्क 'निवृत्त न्यायाधीश' झाले. तिघांनी 'राहा'ला मत दिलं आणि ज्येष्ठांच्या सल्ल्याची तोंड भरून स्तुती केली.

कट्टा चालवणारे काही दूधखुळे नव्हते. संध्याकाळपर्यंत चोरी पकडली गेली. गुण शून्यावर आले, ज्येष्ठपण गेलं आणि नावाखाली लाल अक्षरात लागलं : खोट्या मतांबद्दल कारवाई. चष्मेवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण लाजेपेक्षा राग मोठा होता. शटर खाली ओढून ते तडक घरी गेले.

बायको बॅग भरत होती.

"कुठं निघालीस?"

"ताईकडे."

"कायमची ना? मला सगळं कळलंय!"

"काय कळलंय? तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, आठवड्यानं येईन. तुम्हाला सांगू नको असं तिनंच बजावलं होतं. म्हणाली, ते डॉक्टरांना फोन करून भिंग कुठलं घालायचं ते शिकवत बसतील."

"थापा नकोत! हे काय मग?" त्यांनी फोन तिच्यापुढे धरला.

तिनं वाचलं. मग अंगठ्यानं सरकवत खालचंही वाचलं. "अहो, ही बाई लिहितेय, नवरा बस चालवतो. जुळ्या मुली आहेत. आपल्याला कुठल्या मुली?"

खालचं त्यांनी वाचलंच नव्हतं. सगळा वेळ मतं देण्यात गेला होता.

"म्हणजे तू नव्हेस!" चष्मेवाले मटकन खुर्चीत बसले आणि हसायलाच लागले. "सुटलो बाई! दिवसभर जीव टांगणीला लागला होता."

बायको हसली नाही.

"पण हे आपल्याच घरातलं आहे, असं तुम्हाला का वाटलं?"

चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं. काहीही सांगितलं तरी आपणच अडकणार, हे त्यांच्या उशिरा ध्यानात आलं. "ते... असंच," ते म्हणाले.

ती पलंगाच्या कडेला बसली आणि पहिल्यापासून पुन्हा वाचू लागली. या खेपेला तिनं बराच वेळ घेतला.

"इथं मत द्यायचं तर काय करावं लागतं?"

"खातं उघडावं लागतं. आण तुझा फोन, मी देतो उघडून. तुला नाही जमायचं."

तिनं त्यांचा फोन त्यांच्या हातात परत दिला आणि पर्समधून स्वतःचा काढला.

"असू दे," ती म्हणाली. "माझं मी उघडते."