कंसातली दोन नावं

मी टपल बोलतोय. पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकणाऱ्यांना मी पहिल्याच आठवड्यात भेटतो. गोल कंस आणि आत स्वल्पविरामानं तोडलेल्या दोन-चार गोष्टी, एवढाच माझा देह. एकदा झालो की माझ्या आतलं काही बदलत नाही. गुण म्हणा, नाहीतर खोड.

माझा जन्म उमरग्याच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये, सकाळी आठच्या बॅचला. योगीराज सर म्हणाले, "घरी कोण कोण हाय, त्येंची नावं टपलमधी लिव्हा."

शिवलीलाताई एका दवाखान्यात केसपेपर काढतात. क्लास करून तिकडं जातात. त्यांनी सवयीनं लिहिलं: "रुद्रेश", "शिवलीला". मग हात थांबला. रुद्रेश त्यांचा नवरा. नळदुर्गला दुसरा संसार थाटून त्याला वर्ष झालं होतं. ताई खोलीवर एकट्याच राहत होत्या.

त्यांनी माझ्यातलं पहिलं नाव काढायचा हुकूम दिला. पडद्यावर चूक दाखवणारी लाल अक्षरं आली. पुन्हा दिला. पुन्हा लाल.

"सर, ह्यातलं एक नाव काढायचंय."

"टपलमधलं निघत न्हाय, ताई. नवा करा."

ताईंनी माझ्याखाली नवा कंस काढला. आत फक्त स्वतःचं नाव. मग एका ओळीत एक नाव छापायला सांगितलं. पहिल्या ओळीत श आला. खाली नुसती वेलांटी. मग व. सात ओळींत नाव सांडलं. ताई बघत राहिल्या.

सर वाकून म्हणाले, "एकच नाव असलं तर म्होरं स्वल्पविराम द्यावा लागतो. न्हायतर त्येला हे यंत्र टपल मानत न्हाय. नुसता शब्द समजून अक्षरं सुटी करतं."

"एकटं नाव बी चालतं?"

"व्हय, चालतं की."

ताईंनी स्वल्पविराम दिला. शिवलीला. एकाच ओळीत, अख्खं.

"झालं," त्या म्हणाल्या. दवाखान्यात पुढचा नंबर पुकारावा, तसा आवाज.

"वरची ओळ पुसून टाका आता," सर म्हणाले.

ताई माझ्यापाशी आल्या. पुसलं मात्र नाही. माझ्या आधी # अशी एक जाळीसारखी खूण टाकली. ती खूण असली की यंत्र ती ओळ सोडून पुढं जातं.

तेव्हापासून मी असाच आहे. वाचता येतो, चालत नाही. रोज सकाळी फाईल उघडते. ताईंची नजर माझ्यावर क्षणभर टेकते.

ताई, टेकवू नका. मी काही बदलणार नाही. खाली जागा मोकळी आहे. तिथं लिहा.