उस्तादाची नक्कल

उल्मासचं पत्र आलं तेव्हा जर्दाळू फुलले होते. आता जर्दाळू गच्चीवर वाळून कडक झाले, खरबुजं गोड झाली, तरी तोख्तासिन आकाने त्याला उत्तर धाडलं नव्हतं.

पत्र लहानसंच होतं. ‘उस्ताद, खरबुजांच्या जत्रेत माझ्या मंडळीचा पहिला खेळ. कोकंदचे लोक म्हणतात, तुझ्या उस्तादाची नक्कल कर. दाखवायला कधी येऊ? तुमचं उत्तर येईपर्यंत हात लावणार नाही.’

रिश्तान गावातली मस्कऱ्यांची मंडळी तोख्तासिन आकाने उभी केली, आणि तिचा कायदाही त्यानेच घातला. ज्याची नक्कल करायची, त्याला ती आधी तोंडावर दाखवायची. तो हसला तर खेळात घ्यायची, नाही हसला तर सोडून द्यायची. या कायद्याने कुंभार हसले, न्हावी हसला, मुल्लासुद्धा दाढीआड हसला. आता पाळी खुद्द कायदा करणाऱ्यावर आली होती.

“अहो, त्या पोराला उत्तर कधी लिहिणार?” त्याच्या बायकोने, अनारखानने, कणीक मळता मळता विचारलं.

“शब्द सुचत नाहीत.”

“माझ्या आईची नक्कल करताना बरे सुचले! तेही भर लग्नात. बिचारी ओढणीत तोंड खुपसून हसली.”

“हसली म्हणून तर केली.”

“मग आता तुम्ही हसा.”

“आणि हसू नाही आलं तर?”

अनारखानचे हात थांबले. खरं दुखणं हे होतं तर! हसू आलं नाही, तर चेल्याचा पहिलाच खेळ बुडणार. आणि खोटं हसणं आकाला खेळाच्या रंगणात जमलं नव्हतं, तिथे घरात काय जमणार? रंगणात वाघ असणारा हा माणूस बाहेर इतका बुजरा, की कोंबडी आडवी आली तरी तिला वाट द्यायचा.

तो आरशापुढे जाऊन उभा राहिला. बराच वेळ न्याहाळलं. हसण्याजोगं काही सापडेना, आणि त्याचंही वाईट वाटलं.

शेवटी काखेत पुस्तक मारून तो चहाखान्यात गेला. नेहमीचे लोक बसलेच होते.

“खरं सांगा,” तो म्हणाला, “माझी नक्कल करायची म्हटली, तर माझ्यात आहे तरी काय?”

सगळ्यांनी आपापल्या पेल्यात डोकावून पाहिलं.

“काही नाही हो आका,” चहावाला जरा जास्तच घाईने म्हणाला.

“काही नाही कसं?” नान भाजणारा रोजिमत नानवाई उठला. “आका, रागावणार नाही ना? वहिनींची शपथ?”

“शपथ.”

रोजिमतने समोरचा नान उचलून काखेत मारला आणि कडेने त्यात एक बोट खुपसलं, वाचक पानात घालतो तसं. दारापर्यंत गेला, खाकरला, चौकटीला म्हणाला, “माफ करा, मी मध्ये आलो का?” मग उजवा हात अडकलेला म्हणून सगळ्यांशी डाव्या हाताने हस्तांदोलन करत सुटला.

बाकीच्यांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. म्हणजे सगळ्यांना पाठ होतं! हा खेळ इथे कित्येक वर्षं चालू होता, फक्त आकाला दाखवायची हिंमत कुणाला झाली नव्हती.

आका ताठ बसून होता. रोजिमतच्या काखेतला नान हळूहळू वाकला.

“खांदा,” आका म्हणाला.

“काय?”

“उजवा खांदा खाली घे, रोजिमत. पुस्तकाला वजन असतं. परत कर.”

रोजिमतने खांदा पाडला, पुन्हा दारात गेला, खाकरला, आणि नान बोटाशी फाटून खाली पडला. त्याने घाईघाईने तो उचलला, कपाळाला लावला आणि आकाच्याच आवाजात नानला म्हणाला, “माफ करा, लागलं का?”

आधी आकाची टोपी हलली. मग खांदे. मग चहा नाकातून आला, आणि चहावाल्याला त्याच्या पाठीत थोपटावं लागलं.

“कायदा पाळला हं!” रोजिमत ओरडला. “हसले! सगळ्यांनी पाहिलं!”

घरी येऊन आकाने लिहिलं, ‘उल्मास बाळा, दाखवायला येऊ नकोस, माझं हसून झालंय. खुशाल कर. मात्र नान घेऊ नकोस, खरं पुस्तक घे. आणि बोट नीट पानात असू दे, वाचणाऱ्याला पान हरवण्याची भीती असते.’

अनारखानने पत्र वाचलं. “मी सांगत होते तेव्हा नाही सुचलं ते!” ती म्हणाली, आणि सोबत उल्मासच्या कमरेला बांधायला आकाचा जुना शेला गुंडाळून दिला.

टपाल कचेरीत शेल्याचं पुडकं आधी गेलं. पत्र मात्र आकाने खुणेसाठी पुस्तकात ठेवलं होतं. पेटीपाशी ते काढलं, आत सोडलं, आणि मोकळ्या झालेल्या पानात पुन्हा बोट घातलं.