खोडलेली ओळ

“मावशी, डोकं जात नाहीये गं.”

भाचीने बाळाला मांडीवर बसवलं होतं. पिवळा स्वेटर बाळाच्या कपाळापर्यंत आला होता आणि तिथून एक बोटभरही खाली यायला तयार नव्हता. बाळाने आधी थोडा वेळ समजूतदारपणा दाखवला, मग घर डोक्यावर घेतलं.

“जरा तिरका धर,” बाई म्हणाल्या.

“तिरका धरला, सरळ धरला. कान ओढले जातायत त्याचे.”

“जायला पाहिजे. नमुना बरोबर आहे.”

भाचीने वर पाहिलं. मावशीचा हा सूर तिच्या चांगल्या ओळखीचा होता. शाळेच्या सुट्ट्या तिने या दोन खोल्यांमध्ये घालवल्या होत्या, आणि या घरात बरोबर काय अन् चूक काय यावर वाद घालायचा नसतो हे ती पाढ्यांच्या आधी शिकली होती.

“असेल गं नमुना बरोबर,” ती म्हणाली, “पण बाळ हे असं आहे, त्याला मी काय करू?”

तिने स्वेटर हळूच वर ओढून काढला. बाळाच्या कपाळावर लोकरीच्या टाक्यांची लाल रांग उमटली होती. खाली टॅक्सी उभी होती, नवऱ्याचे दोन फोन येऊन गेले होते. रविवारी ते तिघे जायचे होते, बदलीच्या गावी, निदान तीन वर्षांसाठी. भाचीने स्वेटरची घडी घालून ती खुर्चीच्या हातावर ठेवली.

“राहू दे आत्ता. मोठा करता आला तर बघ. नाहीतर राहूच दे, उगाच डोळ्यांना ताण. तिकडे तयार मिळतात.”

ती हे अगदी मायेने बोलली, म्हणूनच बाईंना जास्त लागलं. दारात बाळाचा पाय हातात घेऊन त्या नुसत्या उभ्या राहिल्या. मग जिन्यावरून पावलं उतरत गेली आणि घर पुन्हा पूर्वीसारखं झालं.

बाई एकतीस वर्षं एका मासिकात मुद्रितशोधक होत्या. जुळारी एकेक अक्षर जुळवायचा, त्याचा कच्चा छाप, म्हणजे मुद्रित, बाईंच्या टेबलावर यायचं, आणि बाई लाल शाईने त्यातल्या चुका दाखवायच्या. प्रेसमध्ये त्यांना ‘कानामात्रा’ म्हणत, अर्थात पाठीमागे. एका स्थळाकडून आलेल्या पत्रावर त्यांनी सवयीने लाल खुणा केल्या आणि वडिलांनी ते पत्र न बघता तसंच परत धाडलं, अशी एक गोष्ट जुळारी नव्या माणसांना रंगवून सांगायचा. खरंखोटं बाईंनाच ठाऊक. स्थळं यायची थांबली, हे मात्र खरं.

मासिकात ‘सोपं विणकाम’ नावाचं सदर होतं. बाईंनी जन्मात सुई धरली नव्हती, तरी ते सदर त्या अग्रलेखाइतकंच डोळ्यांत तेल घालून वाचत. किती टाके सुलट, किती उलट, कुठे टाके बंद करायचे, सगळं त्यांना पाठ होतं. त्यामुळे गेल्या वर्षी भाचीचा फोन आला, “मावशी, इतकी वर्षं विणकाम वाचलंस, माझ्या बाळाला काहीतरी विण की. सोपं असेल ते,” तेव्हा बाईंनी मासिकाचे जुने बांधीव खंड खाली काढले. पंधरा दिवस त्या बाळांचे नमुने चाळत होत्या. मोज्यांची टाच अवघड, टोपीचा घेर अवघड. शेवटी एक सापडला: ‘बाळासाठी अगदी सोपा स्वेटर, नवशिक्यांनीही विणावा असा.’ अडुसष्टाव्या वर्षी बाई नवशिक्या झाल्या. टाके निसटायचे, बोटं आखडायची, मान धरायची. पण कुणीतरी आपल्याकडे काही मागितलं, याला वर्षं लोटली होती. चार महिन्यांत त्यांनी तो पुरा केला. छापलेल्यापेक्षा एक टाका जास्त नाही, एक टाका कमी नाही.

आणि आता डोकं जात नव्हतं.

चहा झाल्यावर बाईंनी स्वेटर हातात घेतला आणि एकदम काहीतरी आठवून कपाटातली पत्रव्यवहाराची फाइल काढली. मासिक बंद पडलं तेव्हा संपादकांनी सगळे कागद रद्दीत घालायला सांगितले होते. बाईंनी जमेल तेवढे घरी आणले होते. वाचकांच्या तक्रारींना उत्तरं देणं हेही त्यांचंच काम होतं. तीन पत्रं एका टाचणीत होती, निळ्या शाईतली, एकाच हातची, सत्तावीस वर्षांपूर्वीची.

पहिल्यात लिहिलं होतं, ‘तुमच्या अंकातला बाळाचा स्वेटर विणला. डोकं जात नाही. माझं काही चुकतंय का?’ दुसऱ्यात, ‘तुमचं कार्ड मिळालं. उसवून पुन्हा विणला. तरी जात नाही.’ तिसरं पत्र आठ महिन्यांनंतरचं होतं. ‘तीनदा उसवला. आता बाळ मोठं झालं, त्याला तो कधीच घालता आला नाही. पण दुसऱ्या कुणाला त्रास नको म्हणून लिहिते, नमुना एकदा बघावा.’

तिन्ही पत्रांवर बाईंचा शेरा होता: उत्तर दिले. उत्तराचं छापील कार्ड असायचं. ‘आपल्या पत्राबद्दल आभार. नमुना तपासून पाहिला आहे. तो बरोबर आहे.’ आणि बाईंनी खरोखर तपासला होता. छापून आलेला अंक त्यांनी आपण पास केलेल्या मुद्रिताशी ताडून पाहिला होता, अक्षरन् अक्षर जुळलं होतं. आपण पास केलेलंच चुकलं असेल, हे त्यांच्या मनाला शिवलंही नव्हतं.

मुद्रितांचा गठ्ठा पलंगाखाली होता. बाई जमिनीवर बसल्या, धूळ झटकली, तो महिना काढला. गळ्याचा मजकूर तिसऱ्या रकान्यात होता. ‘गळ्यासाठी मधले बारा टाके बंद करा. गळ्याच्या बाजूने एक टाका कमी करत चार ओळी विणा. गळ्याच्या बाजूने एक टाका कमी करत चार ओळी विणा.’

शेवटच्या वाक्यावर लाल रेघ होती. समासात बाईंच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘द्विरुक्ती. काढा.’

जुळारी एखादी ओळ चुकून दोनदा जुळवतो. अशा शेकडो ओळी बाईंनी पकडल्या होत्या आणि त्याचा त्यांना अभिमान होता. पण ही जुळाऱ्याची चूक नव्हती. सदराच्या लेखिका विणता विणताच लिहीत असाव्यात. हाताला जे दोनदा करायचं, ते त्यांनी दोनदा लिहिलं होतं. गळ्याच्या रुंदीतले दोन्ही बाजूंचे मिळून आठ टाके बाईंनी लाल शाईने कापून टाकले होते, आणि तेवढ्यानेच गळा आवळला होता. हे कळायला सुया हातात घ्याव्या लागल्या, त्याही सत्तावीस वर्षांनी. बाईंना रडू येत नव्हतं, लाज वाटत होती, आणि ती कुणाला सांगावी असं कुणी नव्हतं.

पुढचा भाग गळ्यापर्यंत उसवायला एक सकाळ लागली, पुन्हा विणायला दोन दिवस. शनिवारी दुपारी बाईंनी स्वेटर पिशवीत घातला आणि पत्रावरच्या पत्त्याकडे निघाल्या. पाण्याच्या टाकीमागे, तळमजला. पत्रं लिहिणारी आता तिथे राहत नसेल, नसेलच, असं त्या बसमध्ये स्वतःला समजावत होत्या. जे बोलायचं ते वाक्यही त्यांनी मनात चारदा तपासलं.

दार उघडलं एका ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या बाईने. हातात सोललेल्या मटारांचं भांडं होतं.

“तुम्ही मासिकाला पत्रं लिहिली होती,” बाई म्हणाल्या. “स्वेटरच्या नमुन्याबद्दल. सत्तावीस वर्षं झाली.”

तिने दार पुरतं उघडलं. “अगं बाई! मग आत या ना. इतक्या वर्षांनी आलात, दारात कशाला उभ्या?”

आत एक पलंग, दोन खुर्च्या आणि स्वयंपाकघराची छोटी खिडकी दिसत होती. बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या.

“पण उत्तर तेव्हाच आलं होतं की,” मटारवाली म्हणाली. “छापील कार्ड. नमुना बरोबर आहे म्हणून. तीन आली.”

“ती मीच पाठवली होती. नमुना बरोबर नव्हता. त्यातली एक ओळ मी खोडली होती. चूक माझी होती.”

वाक्य ठरवल्यासारखं बिनचूक आलं. मग त्यांनी गळा, टाके, चार ओळी, सगळं सांगितलं. मटारवालीने भांडं खाली ठेवलं.

“म्हणजे त्याचं डोकं मोठं नव्हतं?”

“कुणाचं?”

“माझ्या पोराचं! अहो, त्या स्वेटरपायी सासूबाईंनी त्याचं नाव भोपळ्या पाडलं. शाळेत भोपळ्या, कॉलेजात भोपळ्या. लग्नात त्याच्या मित्रांनी स्टेजवर भोपळा आणून ठेवला!” ती हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. बाईंनाही हसू आलं आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

मग तिने पदराने डोळे पुसले.

“मी म्हणत होते हो, यात काहीतरी गडबड आहे. सासूबाई म्हणाल्या, छापलेलं कधी चुकतं का? तुझाच हात वाकडा. तुमचं कार्ड आलं की त्या मोठ्याने वाचायच्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग मीही तेच धरून चालले. घरात जावा विणायच्या, नणंद विणायची, मी आपली लोकरीचा गुंडा करून द्यायचे. पुन्हा सुई म्हणून धरली नाही.”

“तुम्ही रागवा,” बाई म्हणाल्या. “मला चालेल.”

“आता कुणावर रागवू? सासूबाई गेल्या. भोपळ्या तिकडे लांब, आपल्या संसारात.” तिने पिशवीकडे हनुवटी केली. “तो आहे का त्यात? बघू.”

तिने स्वेटर हातात घेतला, उलटून पाहिला, गळ्यातून आधी एक मूठ घातली, मग तिला चिकटून दुसरी. गळा ताणला आणि दोन्ही मुठी आरपार गेल्या.

“जाईल,” ती म्हणाली. “बाही मात्र लांब झालीय.”

“नमुन्यात तशीच...” बाईंच्या ओठांवर आलं. ते त्यांनी गिळलं. “हो. लांब झालीय.”

“असू दे. दुमडून घालतील. मुलं काय थांबतात का आपल्यासाठी.” स्वेटर परत देताना ती सहज म्हणाली, “घरी कोण असतं?”

“मीच.”

“इथेही तेच.”

निघताना बाईंची नजर स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेली. तिथला अर्धा पडदा एका लांब, करड्या विणायच्या सुईत ओवलेला होता. मटारवालीने ते पाहिलं.

“दुसरी मोरीची जाळी साफ करून करून वाकली,” ती म्हणाली. मग बाईंच्या खांद्यावर हात ठेवून हसली. “पुन्हा काही चुकलेलं सापडलं, तर या हं.”

पोस्टात पार्सलवर भाचीचा नवा पत्ता लिहून बाई घरी आल्या तेव्हा दिवस मावळायला आला होता. त्यांनी फोन लावला. पलीकडे खोक्यांना चिकटपट्टी लावल्याचा आवाज येत होता.

“स्वेटर पाठवलाय. गळा मोठा केला. अगं, नमुना चुकलेला होता. माझीच चूक होती.”

“मावशी, तू ते मनाला लावून घेतलंस? मी विसरूनही गेले.” मग लांबून, दुसऱ्याच कुणाला, “अहो, ते वर नका ठेवू, फुटेल.” आणि पुन्हा फोनमध्ये, “पोचल्यावर फोन करते हं. जप.”

फोन ठेवून बाई टेबलाशी बसल्या. ते जुनं मुद्रित तिथेच पडलं होतं. लाल पेन वर्षानुवर्षं वापरलेलं नव्हतं. चार कागदांवर गिरवलं तेव्हा शाई उतरली. खोडलेलं पुन्हा ठेवायचं असेल, तर मुद्रितशोधक त्याच्या खाली टिंबं देतो. नोकरीत बाईंवर ती वेळ फारशी आली नव्हती. आता त्यांनी खोडलेल्या ओळीखाली एकेक टिंब द्यायला सुरुवात केली, एकाही शब्दाखालची जागा न सोडता, ओळ संपेपर्यंत. समासातल्या ‘काढा’वर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: ‘राहू द्या.’ खाली नियमाप्रमाणे तारीख घातली, सही केली.

मग कागद टेबलाच्या डाव्या कडेला सरकवून त्यावर चष्मा ठेवला. वाचून झालेले कागद त्या तिथेच ठेवायच्या, म्हणजे जुळाऱ्याला येऊन उचलून नेता यायचे.