राष्ट्रपती योगिनी

पावसच्या रस्त्यावरच्या आमच्या शाळेत मी दर शनिवारी नागरिकशास्त्र शिकवतो. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण मुलं सुटत नाहीत. यंदा आम्ही बालसंसद भरवली. आठवीतली योगिनी राष्ट्रपती झाली आणि रितेश उपराष्ट्रपती. खरे उपराष्ट्रपती राज्यसभा चालवतात; आमचं सभागृह एकच, म्हणून ते रितेशकडे दिलं.

शाळेत दुपारची खिचडी शिजवायची तुळसा, योगिनीची आई. संस्थेचे अध्यक्ष रावजी यांना मात्र जेवण मिरजोळ्याहून गाडीनं आणायचं होतं. पालक कुरकुरतील, म्हणून ते म्हणाले, "ठराव मुलांनाच करू दे की, आप्पा! तुमची लोकशाही आहे ना?" नमुना म्हणून पुलाव आणि दोन-दोन गुलाबजाम आले. ठराव मंजूर झाला.

योगिनी कागद घेऊन माझ्याकडे आली. "आप्पा, मी काय करू शकते?"

"राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं वागतात. फार तर पुन्हा विचार करा म्हणून एकदा परत पाठवतात."

"आणि तोच परत आला तर?"

"तर सही करावी लागते."

तिनं परत पाठवला. सोबत सुरेख अक्षरात लिहिलं, 'तुळसाबाई बारा वर्षं शिजवतात. त्यांना न विचारता ठरवू नये.' सभागृहात ते वाचून दाखवताना मागच्या बाकावरचं कोणीतरी म्हणालं, "राष्ट्रपती आईला मिळाल्या!" सगळे हसले.

दुसऱ्या मतदानात अकरा-अकरा झालं. मी रितेशला समजावलं, की सभापती एरवी मत देत नाही, फक्त अशा वेळी देतो. आमची संसद पुस्तकाप्रमाणे चालली होती आणि रावजींबरोबर आलेले पाहुणे मान डोलवत होते. मला बरं वाटत होतं.

रितेशनं योगिनीकडे पाहिलं नाही. "ठरावाच्या बाजूनं," तो म्हणाला.

योगिनीनं सही केली. रावजींनी त्या कागदाचा फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला.

महिनाअखेरीला तुळसा आपला डाव आणि विळी पिशवीत भरत होती. मी दारात उभा राहिलो.

"तुमचा कायदा बरा हाय ओ, आप्पा," ती म्हणाली. "माज्या चुलीवर पानी वतलान, ता पन माज्याच पोरीच्या हातानं."

पुढच्या शनिवारी योगिनी वाचनालयातलं संविधान घेऊन आली. पानात बोट होतं.

"आप्पा, सही किती दिवसांत करायची ते यात लिहिलेलंच नाही. मी तो ठराव पहिल्यांदाच दप्तरात ठेवून दिला असता तर?"

"काही राष्ट्रपतींनी तसं केलेलं आहे."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

मुलांना पळवाट कशाला शिकवायची, असं मला वाटलं होतं. हे मी तिला सांगितलं नाही. पाहुण्यांचंही सांगितलं नाही.

तिनं पुस्तकातून दुमडलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "हे तपासून द्या."

'माननीय उपराष्ट्रपती रितेश यांस' अशी सुरुवात होती. राष्ट्रपतींनी राजीनामा उपराष्ट्रपतींकडे द्यायचा असतो, हे मीच जूनमध्ये शिकवलं होतं.

"काही चुकलंय?" तिनं विचारलं.

मी दोनदा वाचलं. "नाही," म्हणालो.

ती कागद घेऊन रितेशच्या बाकाकडे गेली. बाहेर मिरजोळ्याची गाडी लागली होती, आणि मुलं ताटं घेऊन धावत सुटली.