कपात म्हणजे कर नव्हे

चार वर्षं मी लोकांची जेवणं दारोदार पोचवतो आहे आणि या चार वर्षांत माझी कंबर माझी राहिलेली नाही. म्हणून शाळेच्या बसवर ड्रायव्हर म्हणून निवड झाली तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं. ठरलेला पगार, रविवारी सुट्टी आणि पाठ टेकायला सीट! अट एकच होती: पंधरा तारखेच्या आत तीन वर्षं कर भरल्याचा दाखला आणायचा.

मी निर्धास्त होतो. करसल्लागार बाईंच्या ऑफिसात गेलो आणि मोबाईल पुढे केला. "बघा मॅडम, दर सोमवारी कापून घेतात. एकही आठवडा चुकलेला नाही."

ॲपमध्ये त्या आकड्यापुढे 'कपात' असं लिहिलेलं असतं. आम्ही डिलिव्हरीवाले तिला टॅक्सच म्हणतो. "या आठवड्यात टॅक्स फार कापला यार," म्हणत कंपनीला आणि सरकारला एका दमात शिव्या घालतो.

बाईंनी चष्मा वर सरकवला. "हे कंपनीचं कमिशन आहे. कर नाही."

"मग कर कोण भरतं?"

"तुम्ही. तुम्ही कुणाचे नोकर नाही, स्वतःचे मालक आहात."

मालक! हा शब्द बायको फक्त मला चिडवायला वापरते. ज्याला हॉटेलवाले बाथरूमला जाऊ देत नाहीत, तो म्हणे मालक.

"पेट्रोलच्या पावत्या आहेत? तेवढा खर्च वजा होतो."

त्या मी पंपावरच चोळामोळा करून फेकत आलो होतो.

"गाडीच्या दुरुस्तीच्या?"

गॅरेजवाला माझा मेहुणा. त्याच्याकडे पावती मागायची कुणाची छाती?

बाईंनी हिशेब मांडला. तीन वर्षांचा कर, दंड, व्याज. माझी सहा महिन्यांची कमाई होत होती. "महिन्याला एक असे अठरा हप्ते करून मिळतील," त्या म्हणाल्या. "पण दाखला शेवटच्या हप्त्यानंतर."

मला भयंकर राग आला, पण काढायचा कुणावर? बाई बिचाऱ्या माझ्यासाठी चहा सांगत होत्या.

"म्हणजे हे काम सुटायला आधी कर भरायचा आणि कर भरायला हेच काम वाढवायचं?"

"हो."

"आणि त्या वाढलेल्या कमाईवर?"

"त्यावरही कर," त्या हळूच म्हणाल्या. "आता तरी पावत्या ठेवा."

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. माझ्या तर आडातच विहीर निघाली.

खाली येऊन ॲप सुरू केलं. लगेच ऑर्डर आली: सात किलोमीटर, चौथा मजला. घ्यायची की नाही ते ठरवायला तीस सेकंद. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अहो, शाळेतून विचारतायत, युनिफॉर्मच्या शर्टाचं माप काय?" तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "चाळीस सांगू का बेचाळीस?"

"नंतर बोलतो," मी म्हणालो. "ऑर्डर आलीय." आणि ती घेतली.